कापसाचा राजा, कागदाचे राज्य

खास प्रतिनिधी, दिवेआगर

मुंबईच्या फोर्ट भागात विद्यापीठाच्या आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर पाहिला नाही, असा मुंबईकर विरळाच. सुमारे २८० फूट उंचीचा हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी आणि शेजारच्या ग्रंथालयासाठी मिळून चार लाख रुपयांची देणगी देणारा माणूस ती देताना, म्हणजे १८६४ मध्ये, मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा होता. १ मार्च १८६९ रोजी मनोऱ्याची कोनशिला बसली, तोवर त्याचे राज्य लयाला गेले होते. आईच्या नावाची वास्तू आकाशात चढत होती आणि ती उभारण्यासाठी पैसे देणारा पुत्र बाजारात पुन्हा पायरीपासून सुरुवात करत होता. या माणसाचे नाव प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद यांचे चरित्र सहसा दोन प्रकारे सांगितले जाते. एक म्हणजे दानशूराची कथा आणि दुसरी म्हणजे सट्टेबाजाची. दोन्ही खऱ्या आहेत. मात्र आज हातातल्या मोबाइलवर चोवीस तास आभासी चलनाची खरेदी-विक्री करता येत असताना या आयुष्याकडे तिसऱ्या नजरेने पाहणे अगत्याचे ठरते. नफा कसा मिळवावा हे ज्याला त्या काळात सर्वाधिक कळत होते, त्यालाही तोट्यातून वेळीच बाहेर पडता आले नाही. ते का, हा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

सुरतेहून मुंबईला

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरत येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे लाकडाचे व्यापारी. सुरतेच्या बंदराचे वैभव ओसरत चालले होते आणि व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळला होता. त्या ओघाबरोबर हे कुटुंबही मुंबईत आले. मुलाला इंग्रजी शिक्षण मिळाले आणि पुढच्या साऱ्या उत्कर्षाची गुरुकिल्ली तीच ठरली. १८४९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, एका दलालाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी सुरू केली. इंग्रजी बोलता, वाचता व लिहिता येणारा पहिला भारतीय दलाल असा त्यांचा उल्लेख केला जातो. युरोपीय पेढ्यांच्या साहेबांशी दुभाष्याविना बोलू शकणारा दलाल ही त्या काळी मोठीच नवलाई होती.

त्यांच्या स्मरणशक्तीच्या कथा बाजारात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. दिवसभराचे सौदे ते कागदावर टिपून न ठेवता डोक्यात ठेवत, असे सांगितले जाते. परदेशातून येणारी आगबोट धक्क्याला लागण्यापूर्वीच छोट्या होड्या पाठवून लिव्हरपूलचे भाव ते आधी मिळवत, अशीही हकिकत आहे. बातमी दुसऱ्याच्या आधी कळणे हेच खरे भांडवल, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

त्या काळचा शेअर बाजार म्हणजे टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली जमणारे मूठभर दलाल. १८५० च्या दशकात बोटावर मोजता येतील एवढी ही मंडळी होती. १८६० च्या सुमारास त्यांची संख्या साठेक झाली आणि त्यांचे नेतृत्व आपसूक तिशीच्या आतल्या प्रेमचंद यांच्याकडे आले. पुढे दोन-तीन वर्षांत दलालांची संख्या दोनशे-अडीचशेवर गेली. याचे कारण मुंबईत नव्हते. ते हजारो मैल दूर अमेरिकेत होते.

दूरच्या युद्धाचे सोने

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस बंद झाला. गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो देऊ शकणारे मोठे बंदर मुंबईच होते. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव तीन-चार वर्षांत चौपटीच्या आसपास गेला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथून कापसाच्या गाठी मुंबईकडे धावू लागल्या. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्याने हा प्रवास आणखी सोपा झाला. घरातल्या गाद्या उसवून त्यातला कापूसही लोकांनी विकला, अशा आठवणी त्या काळाविषयी सांगितल्या जातात.

युद्धाच्या या वर्षांत नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड अधिक मुंबईत आले, असा अंदाज नोंदवलेला आहे. एवढा पैसा गुंतवायचा कुठे, हा प्रश्न होता. तेव्हा देशात उद्योग फार थोडे होते. मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू होऊन जेमतेम दहा वर्षे होत होती. त्यामुळे पैशाने सोपी वाट धरली. नव्या कंपन्या काढायच्या, त्यांचे शेअर विकायचे आणि भाव चढला की ते पुढच्याच्या गळ्यात घालायचे. जानेवारी १८६५ पर्यंत शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, २० विमा कंपन्या आणि इतरही अनेक मंडळ्या उभ्या राहिल्या. अनेकांचे काम नुसतेच कागदावर होते.

या साऱ्याचा मुकुटमणी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी. कुलाब्यापासून वाळकेश्वरपर्यंतच्या उथळ समुद्रात भर घालून जमीन तयार करण्याची ही योजना होती. कल्पना वेडगळ नव्हती. मुंबईला जागा हवी होती आणि पुढे शंभर वर्षांत ती समुद्रातूनच मिळवली गेली. वेड होते ते भावात. ज्या शेअरवर पाच हजार रुपये भरले होते त्याचा भाव पन्नास हजारांवर गेला. जी जमीन अजून लाटांखाली होती, तिची किंमत पुण्या-मुंबईच्या सुपीक जमिनींना लाजवणारी झाली.

सहीची किंमत

या उधाणात प्रेमचंद रायचंद हे नाव जादूच्या कांडीसारखे झाले. नव्या कंपनीच्या प्रवर्तकांत त्यांचे नाव असले की शेअर हातोहात खपत. कोणाला शेअर द्यायचे, कोणाला नाही, हे ठरवणे त्यांच्या हाती आले. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही त्यांच्या प्रभावाखालची प्रमुख संस्था होती. पण त्यांच्या सामर्थ्याचे खरे केंद्र दुसरीकडे होते, ते म्हणजे बँक ऑफ बॉम्बे.

१८४० मध्ये स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचे भाग होते आणि संचालक मंडळात सरकारचे प्रतिनिधीही होते. त्यामुळे लोकांच्या दृष्टीने ती सरकारी बँकच होती. १८६३ च्या कायद्याने बँकेला कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. भांडवल सुमारे ५२ लाखांवरून दोन कोटींच्या वर नेण्यात आले. बँकेचे सचिव आणि प्रेमचंद यांचे संबंध इतके निकटचे झाले की प्रेमचंद यांच्या शिफारशीवर कर्जे मिळू लागली. शेअर घ्यायला बँकेचे कर्ज, कर्जाला तारण तेच शेअर आणि शेअरचा भाव वाढला की पुन्हा जास्त कर्ज, असे हे चक्र होते. चढत्या बाजारात हे चक्र फार सुंदर फिरते. उतरत्या बाजारात ते उलटे फिरते आणि तेव्हा ते कोणालाही थांबवता येत नाही.

याच्या जोडीला वायद्याचे सौदे होते. आज शेअर घ्यायचा, पैसे मात्र पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचे. दरम्यान भाव वाढला तर फरक खिशात. असे असंख्य सौदे १ जुलै १८६५ या एकाच तारखेवर येऊन ठेपले होते. कारकून, दुकानदार, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी असे सगळेच त्यात होते. ज्यांच्याजवळ शंभर रुपये होते त्यांनी हजारांचे सौदे केले होते.

या काळात प्रेमचंद यांचा दानधर्मही त्यांच्या संपत्तीला साजेसा होता. मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाने मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये त्यांनी दिले. कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाखांची देणगी मिळाली आणि तिच्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. बंगालमधील विद्वानांच्या नावापुढे ही शिष्यवृत्ती पुढे पदवीसारखी मिरवली गेली. अहमदाबादेत शिक्षकांसाठी त्यांच्या नावाचे विद्यालय उभे राहिले. दिलेला पैसा तेवढा टिकला, राखलेला गेला, असे त्यांच्या आयुष्याबद्दल म्हणावेसे वाटते.

शांततेची बातमी, बाजारात आकांत

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या सेनापतीने अमेरिकेत शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची बातमी काही आठवड्यांत मुंबईत येऊन थडकली. साऱ्या जगाला दिलासा देणारी ही वार्ता मुंबईच्या बाजाराला मात्र वज्राघातासारखी होती. अमेरिकी कापूस पुन्हा येणार म्हणजे मुंबईच्या कापसाचा भाव पडणार, हे उघड होते. तो पडला. मे महिन्यात बैरामजी होरमसजी कामा यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्याचे दिवाळे वाजले आणि भीती पसरली.

मे आणि जून असे जवळजवळ दोन महिने बाजाराला मिळाले होते. भाव पडू लागले होते, पण अजून शून्यावर गेले नव्हते. आपला सौदा मोडून, मोठा पण सोसण्याजोगा तोटा घेऊन बाहेर पडणे काही जणांना तरी शक्य होते. बहुतेकांनी ते केले नाही. कापूस पडला तरी बँका राहतील, बँका पडल्या तरी जमीन राहील, जमिनीचा भाव पडला तरी प्रेमचंद आहेत, अशी एकावर एक आशेची चळत रचली गेली. कालच पन्नास हजारांना असलेला शेअर आज तीस हजारांना विकणे म्हणजे वीस हजारांचे नुकसान स्वतःच्या हाताने लिहून देणे. तो न विकता ठेवला तर नुकसान नुसते दिसते, झालेले नसते, असे मनाला वाटते. याच समजुतीने शहर १ जुलैपर्यंत थांबले.

१ जुलै उजाडला तेव्हा पैसे देणारे कोणीच नव्हते. ज्याने घ्यायचे होते त्याच्याकडे पैसे नव्हते, ज्याने द्यायचे होते त्याचेही पैसे दुसऱ्याकडे अडकले होते. एकाच्या दिवाळ्याने दहा जण बुडाले. दावे इतके झाले की दिवाळखोरीसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. बॅक बेचा शेअर पन्नास हजारांवरून दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांनाही विकावा लागला. संशोधक आणि समाजधुरीण डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनाही या पडझडीची झळ बसली. १८६४ च्या गणनेत ८ लाख १६ हजार ५६२ असलेली मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजार ४०५ वर आली. पैशाच्या ओढीने आलेली माणसे पैशाबरोबर निघून गेली.

प्रेमचंद लगेच कोसळले नाहीत. त्यांची पत एवढी मोठी होती की ती काही काळ पुरली. पण १८६६ च्या मे महिन्यात लंडनमध्ये ओव्हरेंड गर्नी ही बडी वित्तसंस्था बुडाली, तिच्यापाठोपाठ भारताशी व्यवहार असलेल्या बँकांवर संकट आले आणि त्याच वर्षी प्रेमचंद यांचाही डोलारा ढासळला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद करावी लागली. तिचे जवळजवळ सारे भांडवल बुडाले होते. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने पुरेशा तारणाविना दिलेल्या कर्जांवर, बँकेच्या ढिल्या कारभारावर आणि प्रेमचंद यांच्या बँकेवरील प्रभावावर बोट ठेवले. नुकसान केवळ सट्टेबाजांचे झाले नव्हते. ज्यांनी कधी वडाखाली पाऊल टाकले नव्हते अशा भागधारकांचेही झाले होते.

ज्यांनी तोटा मान्य केला

याच वादळात आणखी एक तरुण सापडला होता. त्याचे नाव जमशेटजी टाटा. डिसेंबर १८६४ मध्ये लंडनमध्ये एक बँक उभारण्याच्या हेतूने तो निघाला होता आणि त्या योजनेत प्रेमचंद यांचाही सहभाग होता. तो लंडनला पोहोचतो तोच मुंबईचा बाजार कोसळला. सोबतची कापसाची कागदपत्रे कवडीमोल झाली. पंचविशीतल्या या तरुणाने धनको आणि बँकांपुढे सारी परिस्थिती मोकळेपणाने मांडली. त्याच्या सरळपणाची छाप अशी पडली की धनकोंनी हिशेब निकाली काढण्याचे काम त्याच्यावरच सोपवले आणि त्यासाठी दरमहा वीस पौंड वेतन दिले. इकडे वडील नसरवानजी यांनी देणी फेडण्यासाठी मुंबईतले घर विकले.

घर विकणे सोपे नव्हते. पण ते विकल्याने पेढीचे नाव वाचले. दोन-तीन वर्षांत, १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेच्या रसदपुरवठ्यात भागीदारी करून, त्यांनी पुन्हा भांडवल उभे केले आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. तोटा मान्य केलेल्याला दुसरा डाव खेळता येतो, एवढाच या हकिकतीचा अर्थ.

प्रेमचंद यांनाही दुसरा डाव मिळाला, पण उशिरा आणि लहान. त्यांनी मुंबई सोडली नाही, तोंड लपवले नाही. पुन्हा दलालीच्या धंद्यात उतरून हळूहळू घडी बसवली. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईतील दलालांनी आपली संघटना स्थापन केली. आजच्या मुंबई शेअर बाजाराची ती सुरुवात. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद यांचे नाव घेतले जाते. नियमांविना चाललेल्या बाजाराने केलेला अनर्थ अनुभवलेला माणूस नियम घालणाऱ्या संस्थेच्या जन्मवेळी हजर असावा, हे उचितच म्हणायचे. भायखळ्याच्या प्रेमोद्यान या बंगल्यात ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. गेलेले साम्राज्य परत आले नव्हते, मात्र बाजारातली पत परत आली होती.

राजाबाईंना दृष्टी नव्हती आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैनांचा नियम पाळता यावा म्हणून मुलाने घड्याळाचे टोले ऐकू येतील असा मनोरा बांधला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, वेळ झाल्याची सूचना देणारे घड्याळ बांधणाऱ्या माणसाला स्वतःच्या व्यवहारातला टोला ऐकू आला नाही, हा योगायोग मनाला चटका लावतो.

उतरण आणि चढणीचे गणित

तोटा वेळीच तोडावा असे सांगणे सोपे आहे. त्यामागचे गणित मात्र फारसे कोणी मांडत नाही. शंभर रुपयांचे नव्वद झाले तर पुन्हा शंभरावर यायला सुमारे ११ टक्के वाढ पुरते. शंभराचे पन्नास झाले तर शंभर टक्के वाढ लागते. वीस उरले तर चारशे टक्के आणि दहा उरले तर नऊशे टक्के. पन्नास हजारांना घेतलेला बॅक बेचा शेअर दोन हजारांवर आल्यावर मूळ किंमत मिळायला तो पंचवीस पट व्हायला हवा होता. सुरुवातीचा तोटा भरून येतो. उशिरा घेतलेला तोटा भरून यायला चमत्कार लागतो.

तरीही माणूस थांबतो, कारण त्याचे मन या गणिताने चालत नाही. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचे दुःख माणसाला बरेच जास्त बोचते. त्यामुळे नफ्यातला शेअर तो घाईने विकतो आणि तोट्यातला कवटाळून बसतो. १८६५ च्या मुंबईने हा सिद्धांत मांडला जाण्याच्या शतकभर आधीच त्याचा पुरावा देऊन ठेवला होता.

क्रिप्टोच्या बाजारात या साऱ्या गोष्टी नव्या नावांनी परत आल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली उतरले. मे २०२२ मध्ये लुना हे चलन काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आले. एप्रिलमध्ये त्याचा भाव शंभर डॉलरच्या वर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स ही जगातील आघाडीची क्रिप्टो बाजारपेठ दिवाळखोरीत गेली. चलन पडले नाही तरी ते ठेवलेली पेढी पडू शकते, हा १८६५ चाच धडा त्यातून पुन्हा मिळाला.

येथे एक आक्षेप रास्त आहे. बिटकॉइन धरून बसलेल्यांचे पैसे पुढे परत आले, २०२४ च्या डिसेंबरमध्ये तर ते एक लाख डॉलरच्या वर गेले. मग तळाशी विकणारे मूर्ख ठरले नाहीत का? उत्तर असे की लुना धरून बसलेल्यांचे पैसे कधीच परत आले नाहीत आणि पडत्या क्षणी दोन्ही चलने सारखीच दिसत होती. कोणते उठेल हे आधी कळत नाही, म्हणून तर किती तोटा सोसायचा हे आधी ठरवावे लागते. शिवाय थांबण्याची चैन स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्यालाच परवडते. उसन्या पैशाने किंवा वायद्यात उतरलेल्याला बाजार थांबू देत नाही. १८६५ मध्ये १ जुलै ही तारीख ते काम करत होती, आज मार्जिन संपताच संगणक सौदा आपोआप मोडून टाकतो.

म्हणून जाणकार खरेदीच्या आधीच तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगतात. या सौद्यात जास्तीत जास्त किती पैसे घालवायची तयारी आहे, कोणत्या भावाला बाहेर पडायचे आणि आपण ज्या कारणासाठी खरेदी केली ते कारण संपले हे कशावरून ओळखायचे. ठरलेल्या भावाला आपोआप विक्री करणारी स्टॉप लॉसची सोय बहुतेक बाजारपेठांत असते. पण भाव एकदम कोसळला तर ती ठरवल्यापेक्षा खाली विकते, हे ध्यानात ठेवलेले बरे. पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी उतरवणे हे तोटा तोडण्याच्या नेमके उलट आहे. बँक ऑफ बॉम्बेपासून आजवर अनेकांचे भांडवल त्याच वाटेने गेले.

भारतात आणखी एक पेच आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, पण एका चलनातला तोटा दुसऱ्या चलनाच्या नफ्यातून वजा करण्याची किंवा पुढच्या वर्षी ओढण्याची मुभा दिली नाही. शेअरच्या बाबतीत ती मिळते. याचा अर्थ क्रिप्टोतला तोटा करदात्याने पूर्णपणे स्वतःच गिळायचा. तो लहान असतानाच गिळणे शहाणपणाचे, याला हे आणखी एक कारण.

वाडीतले शहाणपण

दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांत हे सारे वेगळ्या भाषेत ठाऊक आहे. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग पडला की रोगट फळे आणि घड झाडावर ठेवून चालत नाही. ते काढून नष्ट करावे लागतात, उरलेल्यांवर बोर्डो मिश्रण फवारावे लागते. घड कापताना जीव हळहळतो, पण बागायतदार हळहळीत दिवस घालवत नाही. एक घड राखायला गेले तर वाडी जाते, हे त्याला आजोबांपासून ठाऊक असते.

तोटा तोडता न येण्याचे प्रसंगही या किनाऱ्याने पाहिले आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर परिसराला झोडपले आणि वर्षानुवर्षे जोपासलेली नारळ-सुपारीची झाडे काही तासांत आडवी झाली. सुपारीचे नवे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. या नुकसानीला कोणता स्टॉप लॉस लावणार? तेथे माणसाच्या हाती फक्त पुन्हा लावणी करणे उरते.

बाजाराचा तोटा या दोन्हींपैकी पहिल्या प्रकारचा आहे. तो वादळासारखा अंगावर कोसळल्यासारखा वाटतो, पण त्यातला मोठा भाग रोगट घडासारखा असतो, वेळेवर हात उचलला तर कापता येणारा. प्रेमचंद रायचंद यांना बातमी सगळ्यांच्या आधी कळत असे. युद्ध संपल्याची बातमी तर मे १८६५ मध्ये साऱ्या शहराला कळली होती. उणीव माहितीची नव्हतीच. उणीव होती ती आपला अंदाज चुकला हे स्वतःशी कबूल करण्याच्या तयारीची आणि ती तयारी कोणतेही नवे तंत्रज्ञान विकत देत नाही.

फोर्टमधून जाताना राजाबाई टॉवरकडे मान वर करून पाहणाऱ्यांना तेथे दानशूराचे स्मारक दिसते. ते योग्यच आहे. ज्यांच्या खिशातल्या मोबाइलवर त्याच क्षणी एखादे आभासी चलन खाली घसरत असेल, त्यांनी मात्र त्या घड्याळात किती वाजले हेही पाहून घ्यावे.